जहाजवाल्यांची वंशावळ

२ फेब्रुवारी, सोमवार

जहाजवाल्या आजोबांची तसबीर आज भिंतीवर चढली. चित्रकाराचं बिल वेगळं आणि खरा खर्च वेगळा, म्हणून इथे लिहून ठेवतो. माझ्या दोन सकाळी गेल्या, कारण आजोबांचा फोटो जगात कुठेच नाही आणि चित्रकार म्हणाला, समोर चेहरा पाहिजे. तेव्हा मीच मान ताठ करून खुर्चीत बसलो. मिशा त्याने पदरच्या लावल्या. बैठकीच्या खोलीतलं घड्याळ स्वयंपाकघरात गेलं. आणि एक खिळा गेला. आमच्या मुलीचा फोटो असायचा त्या खिळ्यावर. सहा वर्षं तो मोकळाच होता, तरी आमची ही दारात उभी राहून म्हणाली, "दुसरा खिळा ठोकता आला नसता? भिंत काय लहान आहे?"

मी म्हटलं, "आहे तो खिळा काय वाईट आहे?"

तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं चालू आहे. हा खर्च बिलात धरलेला नव्हता.

तसबीर मात्र झकास. पुतण्या म्हणाला, "काका, आजोबा हुबेहूब तुमच्यावर गेलेत." मी म्हटलं, "गाढवा, मी त्यांच्यावर गेलोय."

५ फेब्रुवारी, गुरुवार

एप्रिलअखेर कंपनीला पंचवीस वर्षं होतात. त्यासाठी पुस्तक काढतोय. शाळेत इतिहास शिकवणारे एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांना लिहायला बसवलंय. लिफ्टचा धंदा, माझी धडपड हे सगळं मागाहून. पहिलं प्रकरण माझ्या खापरपणजोबांचं, म्हणजे जहाजवाल्या आजोबांचं. दीडशे वर्षांमागे अंगावरच्या कपड्यांनिशी ते जहाजात चढले, समुद्रापलीकडे उसाच्या मळ्यावर गेले, तिथे मुकादम झाले, पेटीभर कमाई घेऊन परत निघाले आणि जहाज बुडालं. मागे बायको आणि दोन वर्षांचा मुलगा. तो मुलगा माझा पणजोबा. लहानपणापासून हेच ऐकत आलोय. लोक आम्हाला अजून जहाजवाले म्हणतात; आमच्यातल्या एकालाही पोहता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

पुस्तकाच्या मधोमध, दोन पानं उघडून, वंशावळीचं झाड. बुंध्याशी आजोबा, शेंड्याला मी आणि पुतण्या. मास्तरांनी आज कच्चा आराखडा आणला. हिने चष्मा लावून तो नीट पाहिला आणि माझ्या नावाखाली बोट ठेवलं.

"इथे काही नाही?"

"तिथून फांदी पुतण्याकडे वळते."

"मी विचारलं, इथे काही नाही?"

मास्तर चहाच्या कपात बघत बसले. मी सांगून टाकलं, पुस्तक कंपनीचं आहे, कंपनी सोडून गेलेल्यांची नावं त्यात येत नाहीत.

ही म्हणाली, "मग जहाजवाले कंपनीत कधी होते?"

उत्तर सुचलं, पण ती आत गेल्यावर.

पानं छापखान्यात जायला एप्रिल उजाडेल. तोवर ही बोलत राहील आणि मी ऐकत राहीन. मुलीचं नाव मात्र झाडात येणार नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

धंद्याचं प्रकरण मास्तरांना सांगायला घेतलं. लिफ्टला ग्रीस चोपडणारा पोऱ्या म्हणून लागलो तेव्हा उस्ताद मला तळमजल्यावर बंद दाराला कान लावून उभा करायचे. लिफ्ट बंद पडायच्या आधी बोलते, फक्त ऐकणारा पाहिजे. आजही मी डोळे मिटून सांगतो, रोलर एका बाजूने झिजलाय, ब्रेक उशिरा धरतोय. आणि माणसं! लिफ्टमध्ये शिरली की त्यांना वाटतं आपण जगापासून तुटलो. टपावर एक जण तेलाचा डबा घेऊन उकिडवा बसलाय हे कुणाच्या गावी नसतं. दोन लग्नं मोडणार हे मला त्या जोडप्यांच्या आधी कळलं होतं.

तेव्हा बायका जिन्यातून हाका मारायच्या, "ओ लिफ्टवाले, तिसऱ्यावर अडकलीय!" नाव विचारायची कुणाला गरज नव्हती. आता त्याच इमारतींच्या सभांना मला हार घालून खुर्चीवर बसवतात. मास्तरांना म्हटलं, हे वाक्य जसंच्या तसं घ्या: आज या जगात मला लिफ्टवाला म्हणणारं कुणी उरलेलं नाही.

घरातही माझे कान चालूच असतात. ही गॅलरीचं दार ओढून घेऊन बहिणीशी फोनवर बोलते आणि तिला वाटतं मला ऐकू येत नाही. आणि काय ते बोलणं! "काय केलंश आज? गाणं म्हणून दाखव बलं." दोघी साठीच्या पुढच्या. बहिणीचे गुडघे गेलेच होते, आता डोकंही चाललं वाटतं. मी दया येऊन काही बोलत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मास्तर जिना चढून धापा टाकत ऑफिसात आले. लिफ्टच्या कंपनीत हा माणूस जिन्याने येतो, त्याला लिफ्टची भीती वाटते.

"साहेब, बुडाले नाहीत!"

"कोण?"

"आजोबा!"

समुद्रापलीकडे त्या मळ्यांवरच्या मजुरांच्या वंशजांची एक मंडळी आहे, जहाजांतून आलेल्यांची नावं गावासकट गोळा करतात. मास्तरांनी त्यांना इंटरनेटवरून विचारलं होतं. उत्तर आलं आजोबांच्या एका पणतीचं. आजोबा सुखरूप पोचले, तिथेच राहिले, दुसरं लग्न केलं, सहा मुलं झाली, सत्तरी ओलांडून गेले.

मी खुर्चीत बसलो. मनात पहिला विचार आला तो तसबिरीखाली कोरून घेतलेल्या 'सागरार्पण' या शब्दाचा. दुसरा विचार आला की घराणं केवढं वाढलं! बाईला लगेच बोलावणं धाडलं. तिकीट कंपनीचं.

मास्तरांनी नातं उलगडून सांगितलं. ती माझी चुलत-चुलत आत्या लागते. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान.

४ मार्च, बुधवार

मास्तरांनी आज चाचरत विचारलं, मुलीचं नक्की काय झालं. इथे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी वेडंवाकडं सांगायला नको.

आमची एकुलती एक. हातात पाना घेऊनच वाढली. तिचे कान माझ्यापेक्षा तिखट, हे मी नाकारत नाही. कापडबाजारातल्या इमारतीची लिफ्ट आमच्याकडे होती. सरकारी तपासनीस आला, तरणाबांड, सगळं पुस्तकात बघून करणारा. म्हणाला दोर बदला. मी व्यापाऱ्यांसमोर सांगितलं, सहा महिने कुठे जात नाही हा दोर. तेवढ्यात ही पोरगी बॅटरी घेऊन टपावर चढली, दोरावरून फडकं फिरवलं आणि सगळ्यांच्या देखत वरून म्हणाली, "बाबा, दोर गेलाय. तारा तुटल्यात."

लिफ्टला कुलूप लागलं. बाजार दुसऱ्या कंपनीकडे गेला. पुढे वर्षाच्या आत तिने त्याच तपासनिसाशी लग्न केलं आणि त्याला परदेशात नोकरी लागली. जायच्या आदल्या दिवशी ती आपली पान्यांची पेटी न्यायला आली होती. मी म्हटलं, "आमच्या लेखी तू मेलीस." बाप रागात बोलतो. पोरीने समजून घ्यायचं असतं. तिने पेटी उचलली आणि जिन्याने खाली गेली. लिफ्ट चालू होती, तरी जिन्याने.

मास्तर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "दोर बदलला का मग?"

मी म्हटलं, "विषय तो नाहीये."

१८ मार्च, बुधवार

आत्या आली. गोल चेहऱ्याची, मोकळी हसणारी बाई. तिकडे शाळेची बस चालवते. विमानतळावरून आणताना मी गाडी चालवत होतो आणि ती शेजारी बसून पायाने ब्रेक दाबत होती. मराठी बोलते, पण जुन्या वळणाचं, मध्येच तिकडचा एखादा शब्द. मला पाहिल्या पाहिल्या "भाचेबुवा!" म्हणून पाठीत धपाटा घातला. पासष्टीच्या माणसाला असा धपाटा खाऊन फार बरं वाटतं.

वाटेत तिने विचारलं, "मुलं किती तुला?"

"एक मुलगी होती. आजारात गेली."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. सिग्नल हिरवा झाला तरी मला कळलं नाही, मागचा हॉर्न वाजवायला लागला. परक्या माणसाला मी एवढंच सांगतो. सगळं सांगायचं तर घरापर्यंतचा रस्ता पुरला नसता.

घरी आल्यावर आत्याने हिला मिठीच मारली. "सूनबाई!" ही इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. लग्नानंतर चाळीस वर्षांनी तिला नवी सासू मिळाली होती.

१९ मार्च, गुरुवार

सकाळी आत्या तसबिरीसमोर उभी राहिली.

"हे कोण?"

"आजोबा."

"कुणाचे?"

"आपले!"

तिने पिशवीतून एक पिवळा पडलेला फोटो काढला. बुटका, काटकुळा माणूस, कान बाहेर आलेले, हातात बैलाचं दावं. माझ्यासारखं त्यात काही नव्हतं. आजोबा मुकादमही नव्हते. मळ्यावरचे बैल सांभाळायचे, शेवटपर्यंत. "बैल त्यांचं ऐकायचे," आत्या म्हणाली, "माणसं नाही." मास्तरांनी वहीत काहीतरी खोडलं.

दुपारी जेवणं झाल्यावर मी झाडाचा मोठा कागद मेजावर पसरला. तिला अभिमानाने दाखवलं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पुरं आहे, एक पान सुटलेलं नाही. ही ताटं उचलत होती, तिच्या हातातली वाटी खाली पडली.

आत्याने आजोबांच्या नावाखाली बोट ठेवलं. "आणि हा कोण?"

"त्यांचा मुलगा. मागे राहिलेला. माझा पणजोबा."

"तो नव्हे. तो तर गेला ना लहानपणीच. आईबरोबर, साथीत."

"छे! ऐंशी वर्षं जगला. आई तर त्याच्या नातवाचं बारसं जेवली."

आत्या खाली बसली. मग तिने सांगितलं. आजोबा तिकडे जाऊन पाच-सहा वर्षं झाली तेव्हा त्यांना निरोप आला की तुझी बायको-पोर दोन्ही साथीत गेली. ते गोठ्यात बैलांपाशी जाऊन बसले ते चार दिवस बाहेर आले नाहीत. पुढे दरवर्षी त्या दिवशी ते स्वतःच्या हाताने दोन ताटं वाढायचे, एक मोठं, एक लहान. त्या ताटांना कुणी हात लावायचा नाही. दुसरी बायको आली, मुलं झाली, तरी ताटं चुकली नाहीत. ते गेल्यावर मुलांनी वाढली, मग नातवंडांनी. "मागच्या वर्षी मी वाढली होती," आत्या म्हणाली. "लहान ताटात गोड जास्त घालायचं, तसं सांगून गेलेत."

आधी ती हसली. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं एका धडधाकट म्हाताऱ्याला बाळाचं ताट वाढत होतो!" मग ओढणीत तोंड घालून रडली. मी उगाच झाडाच्या कागदाच्या सुरकुत्या काढत बसलो.

कुणीतरी खोटा निरोप पोचवला, हे उघड आहे. असा माणूस सापडला असता तर मी त्याला लिफ्टच्या खड्ड्यात उतरवला असता.

२२ मार्च, रविवार

माझी मोठी बहीण, आक्का, दोन गल्ल्या पलीकडे राहते. ऐंशी पार केलेली, पण जीभ शाबूत. आज आत्याला घेऊन आम्ही दोघं आणि मास्तर तिच्याकडे गेलो. आक्काला ही आत्या म्हणजे आपली वडीलधारी हे पटेचना. "माझ्या सुनेपेक्षा लहान दिसतेस, तुझ्या काय पाया पडू?" म्हणाली.

मी ताटांची गोष्ट सांगितली आणि विचारलं, निरोपाबद्दल तुला काही माहीत आहे का?

आक्का म्हणाली, "माहीत आहे की. खोटा निरोप तिनेच धाडला."

"कुणी?"

"त्यांच्या बायकोने. दुसरं कोण धाडणार?"

मी म्हटलं, हे तू आजवर बोलली का नाहीस?

"तू कधी विचारलंस? तुला जहाज पाहिजे होतं. पणजीने आजीला सांगितलं, आजीने आईला, आईने मला. पुरुष कुणी विचारायलाच आले नाहीत."

मग आक्काने सांगितलं ते असं. आजोबा बंदरावर काम बघून येतो म्हणून गेले आणि न सांगता जहाजात चढले. बायकोला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. पाच वर्षं लोकांची ओझी वाहून तिने पोर वाढवलं. मग तिकडचा एक माणूस नवी माणसं भरायला आला, त्याच्याबरोबर निरोप: पोराला घेऊन पुढच्या जहाजाने ये, मी घर बांधलंय. ती अंगणात धुणं आपटत होती. हातातलं कापड न ठेवता म्हणाली, त्याला सांग, आम्ही दोघं साथीत मेलो. तो माणूस हसला, त्याला थट्टा वाटली. ती म्हणाली, थट्टा नाही, असंच सांग. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिने सांगितलं, नवऱ्याचं जहाज बुडालं.

"झालं ते झालं," मी म्हटलं.

"झालं कुठे?" आक्का म्हणाली. "वर्षभराने राग उतरला. पोर विचारायला लागलं, बाप कसा होता. तेव्हा ती बंदरावर जायला लागली. तिकडे जाणारा कुणी भेटला तर सांगायचं होतं की मी खोटं बोलले, आम्ही आहोत. पण त्या बाजूची जहाजंच बंद झाली होती. म्हातारी झाली तरी कुणी लांबून आलं की विचारायची, समुद्रापलीकडे जाणार का हो? सुना-नातसुनांना म्हणायची, तोंडातून शब्द गेला आणि माझ्याकडे जहाज नव्हतं."

आत्याने आक्काचा हात धरून ठेवला होता. मास्तर लिहायचे थांबले होते. आमची ही उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. आक्काच्या खोलीत उकाडा फार, एकच खिडकी आहे.

२३ मार्च, सोमवार

मास्तरांनी विचारलं, हे पहिल्या प्रकरणात घ्यायचं का. मी म्हटलं, नको. पंचवीस वर्षांच्या समारंभात पाहुण्यांनी काय वाचायचं, घराण्याच्या मूळ बाईने जिवंतपणी स्वतःला आणि पोराला मारलं? जहाज बुडालेलंच बरं दिसतं.

पण दिवसभर तीच डोक्यात. एवढ्याशा वाक्याने केवढं करून ठेवलं! रागावणं समजतं. पण माणसाने मागे फिरायला जागा ठेवावी की नाही? हिला जेवताना हेच म्हटलं. हिने पातेलं माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "भाजी घ्या."

२७ मार्च, शुक्रवार

आत्या आज गेली. टॅक्सी खाली उभी, सामान लिफ्टमध्ये, आम्ही तिघं दारात. आत्याने हिचे दोन्ही हात धरले.

"सूनबाई, मी ठरवलंय. ती दोन ताटं आता बंद करायची नाहीत. खरी असोत, खोटी असोत, घराची सवय झालीय. आणि त्यांच्या शेजारी या वर्षापासून तिसरं वाढीन. तुझ्या लेकीचं."

हिला कळेना. "माझ्या लेकीचं कशाला?"

"भाचेबुवांनी सांगितलं मला. आजारात गेली म्हणून."

मी लिफ्टचं बटण दाबून धरलं होतं. दार बंद व्हायला बघत होतं, पुन्हा उघडत होतं.

ही शांतपणे म्हणाली, "तिचं नका वाढू. ती रोज जेवते, स्वतःच्या घरी. चांगली आहे."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. शाळेच्या बसमध्ये पोरं मारामारी करतात तेव्हा आरशातून ती असंच बघत असणार. ती म्हणाली, "भाच्या, तुझ्या पणजोबाच्या आईला जहाज मिळालं नाही रे." 'भाचेबुवा' म्हणाली नाही.

ती खाली गेली. लिफ्ट उतरताना तिसऱ्या मजल्याशी कुठेतरी किरकिरते, हे मी आज ऐकलं. घरची लिफ्ट, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

३१ मार्च, मंगळवार

काही लिहिण्यासारखं नाही. ही बोलते, वागते, डबा देते. भांडत नाही, तेच जड जातंय. भांडली असती तर मी दोराचा विषय काढला असता. आज पहिल्यांदाच मनात आलं, तो दोर खरंच चालला असता की नाही, ते मी नीट हात लावून पाहिलंच नव्हतं. खालूनच बोललो होतो.

मास्तरांनी पानं छापखान्यात दिली.

२ एप्रिल, गुरुवार

सकाळी छापखान्यात गेलो. यंत्र चालू होतं, शाईचा वास, मेजावर झाडाचं पहिलं छापील पान सुकत पडलेलं. सुरेख आलं होतं. मी म्हटलं, "थांबवा."

छापखानेवाला म्हणाला, "साहेब, तुम्हीच तर सांगितलंत, एक पान सुटलेलं नाही."

"एक राहिलंय. माझ्या खाली."

त्याने कागद-पेन्सिल पुढे केली. "सांगा, लिहून घेतो. नाव, आणि लग्न झालेलं असेल तर जावयांचं नाव."

मुलीचं नाव लिहिलं. पेन्सिल तिथेच थांबली. त्या तपासनिसाला मी सहा वर्षं तपासनीसच म्हणत आलोय. आडनाव कधी कानावर आलं असेल, ठेवलं नाही. छापखानेवाल्याला म्हटलं, उद्यापर्यंत यंत्र बंद ठेवा, घरी विचारून येतो.

ही खिडकीशी बसून भाजी निवडत होती. मी समोर स्टुलावर बसलो.

"जावयाचं पूर्ण नाव काय?"

तिने विळी बाजूला ठेवली. "कशाला?"

"झाडात घालतोय. दोघांचं."

तिने निवडलेली भाजी एका बाजूला सारली. मग म्हणाली, "तिला विचारून सांगते. हो म्हणेलच असं नाही."

"विचारून? तुझ्याकडे नंबर आहे तिचा?"

"मग गॅलरीत मी कुणाशी बोलत असते?"

"बहिणीशी."

"माझ्या बहिणीला गाणं म्हणून दाखव असं सांगेन मी? अहो, तिचे गुडघे दुखतात, ती शिव्या देते."

मी म्हटलं, "मग गाणं कोण म्हणतं?"

तिने पदराला हात पुसले. "दोन नावं घालून भागणार नाही. तीन लागतील. तुम्हाला नात आहे."

मला वाटलं होतं, असं काही ऐकलं की माणूस उठून उभा राहतो. मी स्टुलावर बसूनच राहिलो. तिला म्हटलं, सांगायचं नाहीस? ती म्हणाली, कुणाला सांगणार होते? या घरात मेलेल्या माणसांना मुलं होत नाहीत. ती हे चिडून बोलली नाही. पालकाची जुडी सोडवता सोडवता बोलली.

मी विचारलं, "नातीला माझ्याबद्दल काय सांगितलंय?"

"काही नाही. तिची आई म्हणाली, बाबांचं नाव तिच्यासमोर काढायचं नाही. मी कबूल केलं, नाहीतर फोन बंद झाला असता."

"म्हणजे तिला मी माहीतच नाही."

"तसं नाही," ही म्हणाली. "गेल्या थंडीत तुम्ही आतून खोकलात. तिने विचारलं, आजी, तुझ्या घरात कोण खोकतंय? मला पटकन काही सुचलं नाही."

"मग काय सांगितलंस?"

तिने मान खाली घालूनच सांगितलं.

नात चार वर्षांची आहे. मी तिला माहीत आहे. आजीची लिफ्ट सारखी बिघडते, ती दुरुस्त करायला जे लिफ्टवाले काका येतात, ते मी.